म्हैस घेण्याआधी डॉक्टर आपला हवा



दिवाळी झाली, कापसाचे पैसे हातात आले, की आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय निघतोच. कुणाचं बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असतं, कुणाला गटातून उचल घ्यायची असते, आणि मनात म्हैस असते. म्हैस कशी पाहावी हे सांगणारे गावात पुष्कळ. कास बघा, दात बघा, शिंगं बघा. पण घेण्याआधी ती तपासणारा डॉक्टर कसा निवडावा, हे फारसं कुणी सांगत नाही. आज त्याविषयीच बोलू.

चांगली दुधाळ म्हैस आज लाखाच्या घरात जाते. कर्ज बाईच्या नावावर निघतं, पण बाजारात जातात घरची पुरुषमंडळी आणि दलाल. म्हैस दारात येते, आपण तिच्या पायावर पाणी घालतो, हळदकुंकू लावतो, आणि दुसऱ्या दिवशी धार काढायला बसल्यावर कळतं की एक सड बंद आहे. म्हैस दूध देवो न देवो, हप्ता थांबत नाही.

जनावर आपल्याला झेपेल का, हे आधी विचारलं नाही तर काय होतं, ते आपल्या भागानं पाहिलं आहे. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत संकरित गायी अनुदानावर दिल्या गेल्या. त्यात यवतमाळही होता. कित्येक घरांना त्या गायींचा चारा परवडला नाही, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहिलं होतं. गाय चांगली असणं वेगळं आणि ती आपल्या गोठ्यात टिकणं वेगळं.

म्हणून डॉक्टर निवडताना पहिला प्रश्न हा, की तो कुणाचा? दलाल म्हणतो, "डॉक्टर आहेत ना आमचे, तुम्ही कशाला खर्च करता?" तिथंच थांबा. तो डॉक्टर वाईट असतो असं नाही. पण ज्याच्या गोठ्यावर त्याचं नेहमीचं काम चालतं, त्याच्यासमोर "ही म्हैस घेऊ नका" असं म्हणणं कुणालाही जड जातं. म्हणून फोनवरच विचारावं, "डॉक्टरसाहेब, विकणाऱ्याची जनावरं तुम्ही बघता का?" हो म्हणाले, तर त्यांच्याकडून म्हशीची जुनी माहिती जरूर घ्या, आधी काय आजार झाला, लसी कोणत्या दिल्या. तपासणी मात्र दुसऱ्याकडून करा, आणि त्याची फी आपण स्वतः द्या.

दुसरा प्रश्न, तो खरोखर डॉक्टर आहे का? आपण गावात सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतो. रेतन करणारा डॉक्टर, सुई देणाराही डॉक्टर. पशुधन पर्यवेक्षक पदविका झालेले असतात, त्यांचं काम मोलाचं आहे. आपली पशुसखीही जंतनाशक आणि लसीकरणाच्या वेळी धावून येते. पण जनावराच्या तब्येतीचा दाखला देण्याचा अधिकार पदवीधर आणि पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरलाच आहे. १९८४ च्या कायद्यात तसं आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खरा डॉक्टर त्याचा राग मानत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी कोण आणि जवळपास नोंदणी असलेले खासगी डॉक्टर कोण, याची चौकशी करा.

तिसरा प्रश्न, तपासणीत तो काय काय बघणार? नुसतं अंगावरून हात फिरवून "छान आहे" म्हणणं ही तपासणी नव्हे. चारही सडांची धार त्यानं काढून पाहावी. सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत घेऊन त्यात औषध टाकलं, की छुपा कासदाह असल्यास दूध घट्ट होतं. ही तपासणी गोठ्यावरच काही मिनिटांत होते. विकणारा म्हशीला गाभण सांगत असेल, तर डॉक्टरनं हात घालून किती महिन्यांची ते सांगावं. व्यायला आलेली म्हैस आधी अंग बाहेर टाकत होती का, ते विचारावं आणि बघावं. दातांवरून वयाचा अंदाज घ्यावा.

काही गोष्टी मात्र बाजारात उभ्या उभ्या कळत नाहीत. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला, यासाठी रक्त तपासावं लागतं. हा रोग माणसालाही होतो. वार काढताना, गाभडलेलं वासरू उचलताना, कच्चं दूध पिताना तो लागतो, आणि ही सगळी कामं बहुधा आपणच करतो. क्षयरोगाची सुई दिल्यावर ती तीन दिवसांनी पाहावी लागते. म्हणून "आत्ताच पैसे टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणणाऱ्यापेक्षा थोडा इसार घेऊन चार दिवस थांबणारा विकणारा बरा. शक्य असेल तर दोन वेळची धार समोर काढून घ्या. एका वेळचं दूध तुंबवून ठेवलं की कास भरलेली दिसते आणि माणूस फसतो.

चौथी गोष्ट, म्हैस कशासाठी हवी ते डॉक्टरला आधी सांगा. गोठा टिनाचा आहे का, पाणी किती लांबून आणता, हिरवा चारा किती महिने असतो, दूध डेअरीला घालणार की घरी दही-तूप करणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. हरियाणाकडची मुऱ्हा दूध जास्त देते, पण तिला सावली, पाणी आणि खुराक तसाच लागतो. आपली नागपुरी म्हैस दूध कमी देते, पण हे ऊन तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. हे ऐकून घेऊन मग सल्ला देणारा डॉक्टर निवडा. आणि तो बोलताना आपल्याकडे बघून बोलतो का, हेही पाहा. धार आपण काढणार, तर निकाल आपल्याला समजला पाहिजे.

विम्याचा दाखला आणि ही तपासणी यांत गल्लत करू नका. विम्यासाठी डॉक्टर दाखला देतात, कानात बिल्ला मारतात. विमा जरूर काढा. पण तो दाखला विमा कंपनीच्या कामाचा असतो, आणि बहुतेकदा म्हैस घेतल्यावर होतो. ती किती दूध देईल, पुढच्या वेताला टिकेल का, हे त्यात नसतं.

काही घरांत वरातीसाठी घोडी घ्यायची असते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून आणतात. तिथंही नियम तोच, पण रोज म्हशी बघणाऱ्या डॉक्टरनं घोडे किती बघितले, हे विचारा. घोडी कडक जमिनीवर चालवून आणि दुडकी धावायला लावून लंगडते का, डोळे, दात, छाती कशी आहे, हे सवयीच्या माणसाला कळतं. बँड-फटाक्याला बुजते का, तेही बघायला सांगा. ग्लँडर्स नावाच्या रोगासाठी रक्त तपासून घ्या. तो माणसाला लागतो, आणि झालेल्या घोड्याला मारावंच लागतं. त्यावर काम करणारं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हरियाणात हिसारला आहे, म्हणजे निकालाला वेळ लागणार, हे धरून चाला.

आमच्या गटात आता ठरलं आहे. जनावरासाठी कर्ज मागताना डॉक्टरची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च आधीच अर्जात लिहायचा. बाजाराला कर्जदार बाई स्वतः जाणार, सोबत गटातली एक सखी. डॉक्टर जे सांगतील ते कागदावर तारीख आणि सहीसह घ्यायचं, त्यात बिल्ल्याचा नंबर हवा, नाहीतर तपासली एक आणि घरी आली दुसरी असं होतं.

आणि डॉक्टर "घेऊ नका" म्हणाले, तर फी वाया गेली म्हणून हळहळू नका. तेवढ्या पैशात लाखाचं नुकसान टळलं. "घ्या" म्हणाले, तरी ती हमी नसते, चांगला डॉक्टर तसं सांगतोच. जोखीम किती आहे ते तो सांगेल. घ्यायची की नाही, ते आपण बसून ठरवायचं.

यंदा ज्यांना जनावर घ्यायचं आहे, त्यांनी बाजाराचा दिवस ठरवण्याआधी डॉक्टर ठरवा.