क्वीन्सलँडची सक्तीच्या मताची निवडणूक

"आपल्या एका मतानें काय व्हायचें?" असें म्हणणारांसाठीं आम्ही आज ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड राज्याची हकीकत सांगतों.

तेथें उसाचे मळे, मेंढरांचे कळप व खाणी फार. १९१४ सालीं सत्ता डेनहॅम या मुख्य प्रधानाच्या लिबरल पक्षाकडे होती. मजूरसंघांतून निघालेला लेबर पक्ष आपले मतदार घरोघर जाऊन बाहेर काढी; लिबरलांचे मात्र घरीं स्वस्थ बसत. सबब डेनहॅमसाहेबांनीं युक्ति काढली. मत देणें सक्तीचें करावें, न देणारास दोन पौंडांपर्यंत दंड, म्हणजे आपलीं आळशी माणसें आपोआप पेटीपाशीं येतील! ब्रिटिश साम्राज्यांत असा कायदा पूर्वीं कोठें नव्हता.

२२ मे १९१५ रोजीं मतदान झालें. १९१२ सालीं शेंकडा ७५ मतदार आले होते, ते आतां ८८ आले. त्यांनीं ७२ पैकीं ४५ जागा लेबर पक्षास दिल्या, आणि खुद्द डेनहॅम आपल्याच मतदारसंघांत पडले! युद्ध चालू, त्यांत अवर्षण व महागाई. दंडाच्या भयानें आलेला मनुष्यहि पोटाकडे पाहूनच मत देऊन गेला, असें आम्हांस वाटतें.

नवे मुख्य प्रधान झाले टी. जे. रायन. बाप आयरिश, अक्षरशून्य. मुलगा शिकला, कांहीं काळ शाळामास्तर होता, मग वकील झाला. (मास्तरकीचा आम्हांस अभिमान वाटला तर हंसूं नका.)

ऊस लावणारांनीं आतां कान द्यावा. तोंवर कारखानदार देईल तो भाव लहान बागाइतदारानें मुकाट्यानें घ्यावयाचा. तोडलेला ऊस वाळत ठेवून भांडतां येत नाहीं, हें तुम्ही जाणतां. त्याच वर्षीं कायदा होऊन भाव ठरविण्यासाठीं मंडळें नेमलीं गेलीं, आणि त्यांत कारखानदाराबरोबर ऊसवाल्याचाहि प्रतिनिधि बसला. शहरांत स्वस्त मांसाचीं सरकारी दुकानें निघालीं. पहिलें १९१५ च्या नोव्हेंबरांत ब्रिस्बेन येथें.

पण मतदारांची यादी कोणाची होती? १९०५ सालीं गोऱ्या बायकांस मत मिळालें. त्याच सालीं ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, तसेच आशिया, आफ्रिका व पॅसिफिक बेटांचे लोक यादीबाहेर ठेवले गेले. आपले हिंदी लोकहि त्यांत आले. रायन यांच्या मजूरसरकारानेंहि तें दार उघडलें नाहीं. १९२२ सालीं श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियांत जाऊन हिंदी लोकांच्या मताधिकारासाठीं बोलले. मूळ रहिवाशांस या राज्याच्या निवडणुकींत मताचा हक्क मिळावयास १९६५ साल उजाडलें.