गोधडीची पाठ



आम्ही दोघी जावा. माणदेशात आमचे घर. आम्ही गोधड्या शिवतो. सासूबाईंनी आम्हाला शिकवले. आज गोधडीच्या पाठीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

गोधडीला तीन थर असतात. वरचे कापड म्हणजे तोंड. मधे जुन्या कापडांचा भर. खालचे कापड म्हणजे पाठ. कुणी तिला अस्तर म्हणतात. तोंडाला आपण हौसेने ठिगळे लावतो. लाल, हिरवी, पिवळी. आणि पाठीला? जे हाताला येईल ते. पाठ कोण बघतो, असे आपण म्हणतो.

सासूबाई म्हणायच्या, "अगं, तोंड बघणाऱ्याचं असतं. पाठ झोपणाऱ्याची असते." अंगाला लागते ती पाठच. रात्रभर लागते. आम्ही हे ऐकले, पण मनावर घेतले नाही.

२०१४ साली आमच्या घरी नातू झाला. बारशाला छान गोधडी करायची ठरली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. त्यांचे एक सुती लुगडे पेटीत होते. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. पण ते फाडायला आमचा हात होईना. मग आहेरात आलेली एक चकचकीत साडी काढली. ती कुणी नेसत नव्हते. तीच पाठीला लावली. बारशाला सगळ्यांनी गोधडीचे कौतुक केले.

पुढच्या वर्षी पौषात मोठी थंडी पडली. नातवाला त्याच गोधडीत गुंडाळून आम्ही शेकोटीजवळ बसलो. गोधडीची कड उलटली होती. एक ठिणगी उडाली आणि पाठीवर पडली. साडीचे कापड वितळले. वितळलेला थेंब पोराच्या पोटरीला चिकटला. पोर किंचाळले. आम्ही ओढून काढायला गेलो, तर शेजारची बाई ओरडली, "ओढू नका, कातडं निघंल! पाणी वता!" वीस मिनिटे साधे गार पाणी ओतले. मग दवाखान्यात नेले. पोर बरे झाले. पण रुपयाएवढा डाग राहिला. तो डाग आमच्या आळसाचा आहे.

त्या दिवसापासून आम्ही पाठीचे कापड पारखून घेतो. कसे, ते सांगतो.

पहिली परीक्षा दोऱ्याची. कापडाचा एक उभा आणि एक आडवा दोरा काढा. चिमट्यात धरा. खाली थाळी ठेवा. पोरे लांब ठेवा. दोरा दिव्याच्या ज्योतीला लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो. वास जळक्या कागदाचा येतो. राख मऊ असते, बोटाने चुरते. टेरिलिनचा दोरा आकसतो, वितळतो. टोकाला काळा, कडक मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेले असते. राखेत कडक खडे लागतात. ज्याचा मणी होतो किंवा खडे लागतात, ते पाठीला नको. ते कापड घामही टिपत नाही. उन्हाळ्यात अंगाला चिकटते. पोरांना घामोळे येते.

पण एक गोष्ट विसरू नका. सुती कापड पेटत नाही असे नाही. तेही पेटते. चूल आणि शेकोटी यांपासून कुठलीही गोधडी लांबच ठेवा. फरक एवढाच, की सुती कापड वितळून अंगाला चिकटत नाही.

दुसरी परीक्षा ताकदीची. कापड दोन हातांत धरून ओढा. चर्रकन आवाज आला, तर ते विरलेले आहे. ते भरात घाला. पाठीला घेऊ नका. पाठ जमिनीवर घासते. तीच आधी फाटते.

तिसरी परीक्षा विणीची. कापड उजेडाकडे धरा. फार विरळ असेल, तर भरातल्या चिंध्या बाहेर डोकावतील. फार घट्ट असेल, तर सुई शिरणार नाही. बोटे दुखतील.

चौथी परीक्षा रंगाची. ओले पांढरे फडके कापडावर घासा. रंग लागला, तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. पुष्कळ जणी पाठीला काळपट कापड घेतात. का? तर मळ दिसत नाही. पण मळ दिसला नाही, म्हणून तो गेला का? फिकट पाठीवर मळ दिसतो, ढेकूण दिसतो, विंचूही दिसतो. दिसला तर आपण गोधडी झटकतो, धुतो, उन्हात टाकतो.

आता कोणते कापड घ्यावे? जुने सुती धोतर उत्तम. सुती लुगडे उत्तम. इरकली लुगडे असेल, तर त्याचे अंग सुती असते, पदर नि काठ रेशमी. पदर तोंडाला लावा, अंग पाठीला घ्या. जरीचा काठ असेल, तर तो काढून टाका. पोराच्या गालाला टोचतो.

बियाण्याच्या कापडी पिशव्या कधीही घेऊ नका. त्या बियाण्याला विषारी औषध चोळलेले असते. खताच्या आणि औषधाच्या गोण्याही नकोत. फुकट मिळतात, पण लेकराच्या अंगाला लावायच्या नाहीत.

हिशेब असा. गोधडी पाच हात लांब आणि सव्वातीन हात रुंद धरा. पाठ चारी बाजूंनी चार चार बोटे मोठी घ्या. तेवढी कड तोंडावर दुमडायची. मग कड लवकर उसवत नाही. नऊवारी लुगडे अठरा हात लांब. त्यातून साडेपाच हातांचे दोन तुकडे घ्या. लांबीकडून एकाला एक जोडा. रुंदी जास्त होते. म्हणून बसून बसून विरलेला भाग काढून टाकता येतो. उरलेले सात हात तोंडाला होतात.

घरात जुने सुती नसेल, तर मांजरपाट आणा. छत्तीस इंच पन्ह्याचा सहा वार पुरतो. म्हणजे साडेपाच मीटर. आणल्या आणल्या कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा. खळ जाऊ द्या. उन्हात वाळवा. कोरे कापड धुतल्यावर आटते. आधी शिवून मग धुतले, तर गोधडीला चुण्या पडतात.

दुकानात गेलात, तर कापडावरची चिठ्ठी बघा. आता तुम्हाला वाचता येते. '१०० टक्के सुती' असे लिहिले आहे का, ते वाचा. चिठ्ठी मराठीत नसेल, तर दुकानदाराला विचारा. घरी आणून दोऱ्याची परीक्षा कराच.

शेवटी आमच्या लुगड्याचे काय झाले, ते सांगतो. नातू दवाखान्यातून घरी आला. त्याच रात्री आम्ही पेटी उघडली. एकीने एक टोक धरले, दुसरीने दुसरे. लुगडे फाडताना दोघींच्या डोळ्यांना पाणी आले. जुनी पाठ उसवली. सासूबाईंचे लुगडे लावले. नातू आता शाळेत जातो. थंडी पडली, की तीच गोधडी ओढतो.

तुमच्याही पेटीत असे एखादे लुगडे असेल, एखादे धोतर असेल. पेटीत ठेवून त्याला कसर लागते. आज घरी जा. पेटी उघडा. दोरा काढून बघा. सुती असेल, तर लेकराच्या गोधडीला पाठ लावा.