औषधांचा जमाखर्च



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च हाच माझा विषय. आपल्या दातृत्वामुळे डायलिसिसचे शुल्क सवलतीत आकारता येते. औषधांचा खर्च मात्र कुटुंबावरच पडतो. त्यामुळे महिनाअखेरीस काही रुग्ण रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतात आणि संकोचापोटी डॉक्टरांना सांगत नाहीत. वाढलेल्या रक्तदाबाने मूत्रपिंडांची उरलेली शक्तीही क्षीण होते. फॉस्फरस रोखणारी गोळी जेवणासोबत घेतली तरच उपयोगी पडते. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी अपाय करू शकते.

आप्तांना विनंती, की तपासणीस येताना औषधांची पिशवी आणावी व चुकलेल्या गोळ्या निःसंकोच सांगाव्यात. देणगीदारांना प्रार्थना, की यंत्रांबरोबर गोळ्यांसाठीही निधी द्यावा. एका गोळीअभावी डायलिसिसवरील सारा खर्च व्यर्थ जाऊ नये.