पुन्हा चारचौघांत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाने विद्यार्थ्यांची, वधूवरांची आणि वृद्धांची काळजी आजवर निष्ठेने वाहिली. आज मी अशा बांधवाविषयी बोलणार आहे, की ज्याचे नाव आपल्या खानेसुमारीत असते, पण जो पंगतीत कधी दिसत नाही. तो म्हणजे दीर्घकाळ मानसिक आजाराने ग्रासलेला मनुष्य.

माझ्या धाकट्या बंधूंना स्किझोफ्रेनिया आहे. औषधाने त्यांचे भास थांबले. तरी घरी कोणी आले की ते उठून आत जात. माझ्या कन्येच्या विवाहात आम्ही त्यांना माडीवरच बसविले. 'त्यांना गर्दी सोसत नाही,' असे पाहुण्यांस सांगितले. वस्तुतः सोसत नव्हते ते आम्हांस. धाकटीचे लग्न अडेल, ही धास्ती होती.

१९५२ पासून क्लोरप्रोमाझिन व पुढील औषधांनी भास आणि संशय आटोक्यात येऊ लागले. परंतु अबोला, निरुत्साह आणि माणसे टाळण्याची वृत्ती औषधाला तितकी दाद देत नाही. शिवाय एकांतात वर्षे गेली म्हणजे बोलण्याचालण्याची सवयच मोडते. ती पुन्हा शिकविता येते, हे अमेरिकेत लॉस एंजलिस येथील डॉ. रॉबर्ट लिबरमन यांनी पद्धतशीरपणे दाखवून दिले. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण व कुटुंबीय यांना मोठा आधार दिला.

शिकविण्याची रीत साधी आहे. एका वेळी एकच लहान कृती घ्यावी. ती आपण करून दाखवावी, मग त्यांच्याकडून करवून घ्यावी. जे जमले ते आधी सांगावे, सुधारणा एकच सुचवावी आणि नंतर तीच गोष्ट बाहेर करावयास द्यावी. आमच्या स्वयंपाकघरात माझी पत्नी वाणी झाली आणि बंधू गिऱ्हाईक. समोर पाहून 'अर्धा किलो साखर द्या' एवढेच म्हणावयाचे. तिसऱ्या आठवड्यात ते खऱ्या दुकानात गेले. साखर आली, मोड तेथेच राहिली. आम्ही रागावलो नाही; पुढचा धडा मोड मागण्याचा ठरला. मात्र औषध एक दिवसही बंद केले नाही.

परंतु घरात शिकलेले चारचौघांत वापरावयास न मिळाले, तर ते टिकत नाही. येथेच ज्ञातीचे काम सुरू होते. अशा बांधवास नावाने हाक मारा. 'बरे झालात का?' असे विचारण्याऐवजी 'पाने मांडता का?' असे विचारा. वधूवरांची चौकशी करताना घरातील आजार हा कलंक मानू नका. तो कलंक मानला जातो म्हणूनच माडीची दारे बंद होतात.

हे सर्व मी बंधूंच्या अनुमतीने बोललो. ते आज सभागृहात आहेत. सभा संपल्यावर दारापाशी पानसुपारीचे तबक घेऊन ते उभे राहतील. आपण पुढे होऊन विडा घ्यावा आणि दोन शब्द बोलावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.