टपाखालचा गारवा

घराला छप्पर, तसा मोटारीला टप. घर बांधताना आपण छपराची काळजी आधी करतो. जुनी मोटार दुरुस्त करताना मात्र टपाची आठवण सगळ्यात शेवटी होते. इंजिन, ब्रेक, टायर यांच्यावर पैसा खर्च होतो आणि डोक्यावरचा पत्रा तसाच तापत राहतो.

आज 'प्रीमियर पद्मिनी'च्या टपाविषयी बोलायचे आहे. ही मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची टॅक्सी म्हणून ती मुंबईकरांच्या ओळखीची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा टॅक्सीचा संसार संपला. उरल्या त्या घरोघरी जपलेल्या गाड्या.

आमच्याकडेही एक आहे, अब्बांनी घेतलेली. त्यांच्या मागे अम्मीला याच गाडीत बसायला आवडते. पण अलीकडे मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासातच तिला घेरी येऊ लागली. गाडी विकायची की टप सुधारायचा, असा प्रश्न घरात उभा राहिला. आम्ही टपाचे काम काढले.

कुशनवाल्याने आतले अस्तर उतरवले आणि खरी अवस्था कळली. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने आवाज कमी व्हावा म्हणून आतून जाड नमदा चिकटवला होता. काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी नमद्याने शोषले, धरून ठेवले आणि पत्रा आतल्या आत गंजला. ही बाब फार महत्त्वाची आहे. या गाडीला वेगळी चासी नाही. अंगाचा सांगाडा हाच तिचा आधार. टप आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या या सांगाड्याचाच भाग आहेत. तिथला गंज म्हणजे केवळ रंगाचा प्रश्न नव्हे.

टपाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. मोठा, जवळजवळ सपाट आणि मधे आधार थोडा, म्हणून गाडी धावू लागली की तो ढोलासारखा घुमतो. तो मजबूत करायला मधे जादा पट्टी वेल्ड करू नये. पातळ पत्रा वेल्डिंगच्या आचेने ताणला जातो, वाकडा होतो आणि लांबी भरत बसावे लागते. आमच्या डेंटरने तारेच्या ब्रशने गंज काढला, प्रायमर मारला आणि मूळच्या पट्ट्या व पत्रा यांच्यातली फट लवचिक सीलंटने भरली. सीलंट लवचिकच हवे. कडक गोंद आकसला की त्याची खूण बाहेरच्या रंगावर उमटते.

मग आवाजाचे काम. थाळी पडून वाजू लागली की आपण तिच्यावर बोट ठेवतो आणि ती गप्प होते. सगळी थाळी झाकावी लागत नाही. टपालाही तेच लागू. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले ब्युटिल रबराचे तुकडे दोन पट्ट्यांमधल्या भागात रोलरने घट्ट दाबून बसवायचे. निम्म्या भागावर बसवले तरी पुरे. उगाच वजन वर चढवले तर गाडी वळणावर झुकते. स्वस्त डांबरी तुकडे टपाला नकोत. उन्हाने ते मऊ पडतात, वास मारतात, सुटून खाली येतात.

रबर कंपने थांबवते, उष्णता फारशी नाही. त्यासाठी बंद छिद्रांचा पातळ फोम त्याखाली लावायचा. तो पाणी शोषत नाही. कडेची पन्हळ आणि दिव्याची वायर मोकळी ठेवायची. फोम आणि अस्तर यांच्यात हवेची थोडी फट राहिली तर चांगलेच. बाहेरून रंग फिकट असेल तर पत्रा मुळातच कमी तापतो.

यानेही गाडीचे शीतगृह होत नाही. उन्हात उभ्या गाडीत काचांमधून ऊन शिरतेच. सावली आणि उघडी खिडकी लागणारच. पण डोक्यावर शेकोटी धरल्यासारखी जी धग येत असे, ती गेली. या उन्हाळ्यात अम्मी तासाभराच्या अंतरावरच्या बहिणीकडे जाऊन आली.

काम संपल्यावर डेंटर म्हणाला, "अस्तर दर दोन-तीन वर्षांनी एका कोपऱ्यातून सोडवून आत बघत जा." जुन्या गाडीच्या मालकांनी हे वाक्य लिहून ठेवावे. हा पत्रा आता कारखान्यातून येत नाही. तो खराब झाला तर हाताने ठोकून आकार देणारा माणूस शोधावा लागतो आणि असे हात दरवर्षी कमी होत आहेत. जे झाकून सुंदर करायचे, ते अधूनमधून उघडून पाहायची तयारीही हवी.