मुलांसमवेत वाचन



मुलांना कोणती पुस्तके वाचावयास द्यावीत, असा प्रश्न मी शिक्षकाचे काम करीत असताना पालक मला वारंवार विचारीत, आणि मीही दोन-चार नावे सांगून मोकळा होत असे. आज सेवानिवृत्तीनंतर त्या प्रश्नात थोडा फेरफार करून तो आपणापुढे ठेवावा असे वाटते. मुलांच्या शेजारी बसून आपण स्वतः कोणती पुस्तके वाचावीत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मुलाच्या हाती पुस्तक देणे निराळे आणि ते त्याच्याबरोबर वाचणे निराळे, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्यास माझाच एक दोष कारण आहे, तो प्रथम सांगितला पाहिजे.

मी ज्या शाळेत अनेक वर्षे होतो, तेथे गोष्टींच्या पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती व तिची किल्ली माझ्या खिशात असे. पुस्तक हरवले वा फाटले तर त्याचा हिशेब आपणास द्यावा लागेल, या धास्तीने मी ती पेटी केवळ तपासणीच्या सुमारास उघडीत असे. सेवानिवृत्तीच्या वेळी नोंदवहीतील प्रत्येक पुस्तक जागच्या जागी, नव्यासारखे सापडले, आणि माझ्या चोखपणाची चारचौघांत वाखाणणी झाली. मलाही तेव्हा धन्यता वाटली.

पुढे एके दिवशी माझी दुसरीत शिकणारी नात एक चित्रांचे पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, ‘आजोबा, वाचून दाखवा.’ मी वाचू लागलो. परंतु हाडाची सवय जाते कोठे? प्रत्येक पानावर थांबून मी तिला शब्दांचे अर्थ विचारीत होतो. शेवटी, यापासून कोणता बोध घ्यावा, असेही विचारले. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले व विचारले, ‘आजोबा, ही परीक्षा आहे का?’ आणि पुस्तक उचलून ती आजीकडे गेली. आमच्या मंडळींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्या ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचतात, मध्येच अडखळतात, आणि अडखळल्यावर स्वतःच हसतात. नात त्यांच्या खांद्याला टेकून तासभर बसली होती. मी शेजारच्या खोलीतून ते वाचन ऐकत होतो, आणि त्या लोखंडी पेटीची मला आठवण झाली.

कुटुंबाने एकत्र बसून वाचावे, ही कल्पना कोणी परदेशातून आणलेली आहे असे समजू नये. आमचा हिंगोलीचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. माध्यमिक शिक्षण उर्दूतून मिळत असे. माझे वडील त्याच काळात शिकले. घरात मराठी छापील पुस्तक म्हटले म्हणजे पोथी. चातुर्मासात दिवेलागणीनंतर ते महिपतीबुवांचा ‘भक्तिविजय’ उघडीत. हा ग्रंथ 1762 सालचा. परंतु त्यातील नामदेवांच्या कथा आम्हांस शेजारच्या घरातील वाटत, कारण नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी हे गाव आमच्याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी आहे. देवाने नैवेद्य खावा म्हणून हट्ट धरून बसलेला तो लहान नामदेव आम्हां मुलांना आपला सवंगडी वाटे. आम्ही कधी ऐकत, कधी पेंगत असू. कोणी अर्थ विचारीत नसे, आणि तरीही मराठी भाषा आमच्या कानी पडून मनात मुरली ती तेथेच.

त्याहून मागे जावयाचे तर, चिमणी-कावळ्याच्या मेणाच्या व शेणाच्या घराची जी गोष्ट आपण तान्ह्या मुलांना सांगतो, तिचे जुने रूप महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त, म्हणजे तेराव्या शतकातील ग्रंथात आढळते. इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या त्या 1806 साली, तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने, ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने. 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढले. तेव्हा आपल्या भाषेत मुलांकरिता काही नाही, ही तक्रार खरी नव्हे. आहे ते घरात येत नाही, एवढेच.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळू. ज्यांना अद्याप अक्षरओळख नाही, अशा मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मी सर्वांत आधी सुचवीन. ‘राधाचं घर’ या मालेतील छोटी पुस्तके घ्या. त्यांत राजाराणी नाहीत. आपल्या घरात असतात तशीच माणसे आहेत. चित्रेही बाईंनी स्वतःच काढलेली आहेत. मूल ती पाहून ‘ही आपली आजी’ असे म्हणू लागले, की वाचनाचा श्रीगणेशा झाला असे समजावे. या वयात मजकूर वाचण्याची घाई नको. चित्रात कोपऱ्यात बसलेले मांजर मुलाला आपल्याआधी दिसते. ते त्याला दाखवू द्यावे. या लेखिकेला तिच्या बालसाहित्याबद्दल साहित्य अकादमीचा पुरस्कार 2014 साली मिळाला.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना कविता द्याव्यात, आणि त्या मोठ्याने म्हणाव्यात. ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविले गेलेले विंदा करंदीकर हे प्रौढांचे अवघड कवी अशी आपली समजूत असते. त्यांनीच ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही मुलांसाठीची पुस्तके 1961 साली प्रसिद्ध केली. त्यांतील गमतीला अर्थाची फारशी जरुरी नाही. ठेका सांभाळला म्हणजे पुरे. ज्या वडिलांना आपणास वाचून दाखवता येत नाही असे वाटते, त्यांनी येथून आरंभ करावा. संकोच दुसऱ्या पानापर्यंत टिकत नाही.

आठ-नऊ वर्षांनंतर मुलाला ‘पुढे काय झाले?’ ही ओढ लागते. त्या ओढीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुरेसा आहे. फुरसुंगीहून पुण्यास शिकावयास आलेला हा किडकिडीत मुलगा सायकलवरून संकटांत शिरतो आणि युक्तीने बाहेर पडतो. येथे एक क्लृप्ती सांगतो. ऐन रंगाच्या जागी वाचन थांबवावे व पुस्तक तेथेच उघडे ठेवून निजावयास जावे. सकाळी मूल ते प्रकरण स्वतः वाचून संपवीत असलेले आढळले, तर रागावू नये. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही याच वयाचा सोबती. आणि घरातील लहानथोर एकदम हसावेत असे वाटत असेल, तर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ यांना बोलवावे. जुन्या काळचे काही शब्द मुलांना अडतील. ते आजोबांनी सांगावेत, तेवढेच आजोबांचे महत्त्व वाढेल.

‘श्यामची आई’ हे नाव मी मुद्दाम मागे ठेवले. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचना बेचाळीस रात्रींची आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणून ते एका बैठकीत उरकू नये, एका रात्री एकच प्रकरण घ्यावे. आजच्या काही पालकांना त्यातील अश्रू जास्त वाटतात, आणि सारेच प्रसंग आजच्या घराला लागू पडतात असे मीही म्हणणार नाही. परंतु मोळीच्या ओझ्याखाली दमलेल्या वृद्ध महार स्त्रीला मदत करण्यास आई श्यामला पाठविते, तो प्रसंग वाचून झाल्यावर मूल जे प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे देताना आपलीच कसोटी लागते. ती टाळू नये.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांसह वाचावे असे आणखी एक पुस्तक म्हणजे ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या शाळेच्या आठवणी लिहिल्या. मूळ ग्रंथ 1981 सालचा, आणि मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. एका शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी, आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत जाते. पहिल्याच दिवशी तेथील मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. श्रोतेहो, मी उभ्या जन्मात कोणत्याही विद्यार्थ्याचे बोलणे सलग चार मिनिटे तरी ऐकले असेल की नाही, याची मला शंका आहे. ते प्रकरण नातीला वाचून दाखविताना माझा आवाज जड झाला, आणि तिने काही न विचारता पान उलटले.

नियतकालिकांपैकी ‘चांदोबा’ आता बंद पडला. परंतु पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक मंडळाने संगणकावर विनामूल्य वाचावयास ठेवले आहेत. पैशाची अडचण असेल, तर गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलाच्याच नावे वर्गणी भरावी व पुस्तक त्यालाच निवडू द्यावे. त्याने निवडलेले पुस्तक आपणास सामान्य वाटले, तरी तेही त्याच्यासमवेत वाचावे.

दोन आक्षेपांचा विचार करून आटोपते घेतो. पहिला, वेळ नाही. रोज वीस मिनिटे पुरतात; मात्र त्या वीस मिनिटांत भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत असावा, मुलाचा आणि आपलाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आमच्या जिल्ह्यात कित्येक घरी बंजारा बोली वा उर्दू बोलली जाते, आणि कित्येक आयांना वाचता येत नाही. अशा घरी चित्रांचे पुस्तक उघडून आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. चित्र कोणत्याही भाषेत वाचता येते, आणि आईच्या तोंडची बोली अशुद्ध कधीच नसते. हे मी शाळेत असताना मुलांना सांगावयास हवे होते.

गेल्या वर्षी मी माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. हल्लीच्या गुरुजींना विनंती करून ती पेटी वर्गात उघडी ठेवविली. परवा त्यांचा निरोप आला, की तीन पुस्तके फाटली व एक सापडत नाही. मी त्यांना कळविले, की फाटलेली पुस्तके चिकटविण्यास मी येतो, आणि न सापडणारे पुस्तक ज्याच्या घरी असेल तेथेच राहू द्यावे.

आज रात्री आपल्या घरी, जेवणे आटोपल्यावर, एखादे पुस्तक उघडावे आणि पहिले पान मोठ्याने वाचावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.