पाणबुडीची प्रतिकृती

शाळेच्या प्रदर्शनात धरण, पवनचक्की, आगगाडी यांच्या प्रतिकृती पुष्कळ दिसतात. पाणबुडी क्वचितच; आणि दिसली तर पुठ्ठ्याची, चंदेरी कागद लावून टेबलावर मांडलेली. पण पाणबुडीची परीक्षा टेबलावर नव्हे, हौदात व्हायला हवी.

आपल्या नौदलाची 'कुरसुरा' घेऊ. ती १९६९ साली दाखल झाली, १९७१च्या युद्धात तिने अरबी समुद्रात गस्त घातली आणि २००१ साली ती निवृत्त झाली. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २००२ पासून तिचे संग्रहालय आहे. लांबी ९१.३ मीटर, रुंदी साडेसात मीटर. एकास दोनशे हे प्रमाण धरले, तर प्रतिकृती साडेपंचेचाळीस सेंटिमीटर लांब आणि पावणेचार सेंटिमीटर रुंद होते. या मापात उभा माणूस किती? साडेआठ मिलिमीटर, गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा. असे सुमारे पाऊणशे खलाशी आत राहात.

आता वजन. गुरुजी, इथे मुलांना थांबवा. मुले म्हणतील, दोनशेने भागा. पण लांबी दोनशेपट कमी झाली तशी रुंदी आणि उंचीही झाली. म्हणजे भागायचे ८० लाखांनी! कुरसुरा पाण्यावर असताना सुमारे १,९५० टनांची. बुडी मारताना टाक्यांत समुद्राचे पाणी घेई, मग २,४७५ टन. भागाकार करा. तरंगणारी प्रतिकृती २४४ ग्रॅम, बुडालेली ३०९. मधले ६५ ग्रॅम, तेवढ्यातच बुडी मारण्याची सारी विद्या आहे.

लाकूड पांगाऱ्याचे घ्यावे. हलके, मऊ, सावंतवाडीची खेळणी त्याची होत आली आहेत. आधी पुठ्ठ्यात आडव्या छेदांचे साचे कापा आणि कानस मारताना ते वरचेवर लावून पाहा. नुसत्या नजरेने घडवले की ती काकडी होते. घडून झाली की तळाला उभी खाच घेऊन तीत शिसे बसवा. कोळ्यांच्या जाळ्याला असते ते चालते. शिसे खालीच हवे. वर गेले, तर पाण्यात सोडताच पाणबुडी कूस बदलते, आणि पोरे हसतात.

रंगापूर्वी लुकण भरून, काचकागदाने घासून अस्तराचे दोन हात द्या. लाकूड पाणी प्याले की सारा हिशेब बिघडतो. रंग काळा, पण डबीतला निव्वळ काळा देऊ नका. एवढ्याशा वस्तूवर तो डांबरासारखा दिसतो. चिमूटभर पांढरा मिसळा, आणि चकाकी तर मुळीच नको. पाण्याची रेघ अंदाजाने आखू नये. प्रतिकृती हौदात सोडा, पाणी जिथे लागेल तिथे पेन्सिलीची खूण करा. सुमारे पाचवा हिस्सा पाण्यावर राहिला, तर काम बरोबर उतरले. रंगालाही वजन असते, तेव्हा शिसे शेवटी तासूनच तोल साधावा.

मग तळाच्या आकड्याला शिशाची गोळी टांगून बुडवा. ६५ ग्रॅमची पुरणार नाही. सुमारे ७१ लागतील. का? शिसे स्वतःही पाणी सारते आणि तेवढे हलके होते. हाताने घडलेल्या वस्तूत पाचदहा ग्रॅमचा फरक पडेल. तो किती पडला, हे मुलांनीच मोजून वहीत लिहावे.